एक लाख ऐंशी हजारांची फी, पाच लाखांचा खर्च

ठाण्यातल्या माजिवड्याहून एका २६ वर्षांच्या समुपदेशिकेचं पत्र आलंय. मुंबई विद्यापीठातून क्लिनिकल सायकॉलॉजीत एम. ए. करून त्यांना दोन वर्षं झाली. सकाळी आठ ते दोन एका शाळेत नोकरी, हातात २६,००० रुपये. संध्याकाळी नौपाड्यातल्या एका केंद्रात क्लायंट. क्लायंट १,००० देतो, त्यातले ६०० यांचे. महिन्याला २० सेशन धरून १२,०००. आता एका खाजगी संस्थेचा अकरा महिन्यांचा पदव्युत्तर क्लिनिकल ट्रेनिंगचा अभ्यासक्रम करायचा आहे. फी १,८०,०००. आठवड्याचे तीन दिवस पूर्ण तिथे, त्यामुळे शाळा सोडावी लागणार. जूनअखेर २५,००० भरून जागा पक्की करायची आहे. शिल्लक २,१०,०००. बाबा १४ महिन्यांनी निवृत्त होतायत, तरी दोन लाखांची एफडी मोडायला तयार आहेत. आई म्हणते, "तुझं शिकणं संपणार तरी कधी?" आणि प्रश्न असा: "ही गुंतवणूक समजून पैसे घालू का?"

यंदा नको, आणि नोकरी सोडून तर नकोच. पण आईंच्या बाजूने निकाल दिला असं समजू नका. शिकणं तुमच्या कामात संपत नाही हे मला मान्य आहे. माझा आक्षेप किमतीला आहे.

संस्थेच्या पत्रकातली फीची ओळ पुन्हा वाचा. "१,८०,००० अधिक लागू कर" असं लिहिलंय. मान्यताप्राप्त पदवीच्या शिक्षणावर जीएसटी नसतो, खाजगी प्रमाणपत्राच्या प्रशिक्षणावर १८ टक्के लागतो. म्हणजे ३२,४०० वर, आणि फी झाली २,१२,४००. त्यात स्वतःची थेरपी घ्यायची अट आहे, किमान २० सेशन. तुम्हीच लिहिलंय की १,५०० च्या खाली कोणी मिळत नाही. ते ३०,०००. प्रवास आणि बाहेरचं खाणं महिन्याला ३,५०० धरलंत, अकरा महिन्यांचे ३८,५००. आणि पत्रात कुठेच नसलेला सगळ्यात मोठा आकडा म्हणजे शाळेचा बुडालेला पगार: २६,००० गुणिले ११, म्हणजे २,८६,०००. बेरीज ५,६६,९००.

आता वजाबाकी. शाळा सोडल्यावर दोन दिवस मोकळे मिळतील, तिथे केंद्रात जास्त सेशन घेईन असं तुम्ही म्हणता. घ्याल, पण क्लायंटला वेळ हवी असते संध्याकाळी सातची नाहीतर शनिवारची. मंगळवारी सकाळी अकराला तुम्ही मोकळ्या असाल, तो ऑफिसात असेल. म्हणून आठवड्याला तीनच जादा सेशन धरतो: महिन्याला ७,२००, अकरा महिन्यांत ७९,२००. ते वजा करून उरतात ४,८७,७००. हा तुमच्या निर्णयाचा खरा आकडा. घरी जेवणाच्या टेबलावर बोलताना एक लाख ऐंशी म्हणू नका, पाच लाख म्हणा. बाबांचा चेहरा बघा मग.

या पैशांत काय मिळणार? पत्रकानुसार २०० तास वर्ग, १०० तास क्लायंटबरोबर (संस्थेचे, सवलतीच्या फीचे, त्यातला रुपयाही तुमचा नाही), आठ जणांच्या गटात ६० तास सुपरव्हिजन (आपल्या केसेस अनुभवी थेरपिस्टसमोर मांडून घेतलेलं मार्गदर्शन) आणि २४ तास वैयक्तिक सुपरव्हिजन.

तुमच्या क्षेत्रातली चार-पाच मंडळी माझ्याकडे आर्थिक नियोजनाला येतात. वर्गात शिकलेलं पुस्तकातही सापडतं, हे त्यांच्याकडून मी बऱ्याचदा ऐकलंय. थेरपिस्ट घडतो तो आपली प्रत्यक्ष केस दुसऱ्या अनुभवी माणसासमोर उलगडताना. "इथे तू घाईने सल्ला का दिलास?" हा प्रश्न कोणीतरी समोर बसून विचारावा लागतो. तेव्हा हा माल तासावर मोजू. सध्या तुम्ही अधूनमधून ज्यांच्याकडे जाता त्या मॅडम तासाला १,५०० घेतात. २४ तासांचे ३६,०००. गटाचे तासाला ५०० धरले तर ६० तासांचे ३०,०००. एकूण ६६,००० चं सुपरव्हिजन. उरलेले सव्वाचार लाख वर्ग, ओळखी आणि प्रमाणपत्राचे. ओळखींना किंमत आहे, नाही म्हणत नाही, पण इतकी?

"नंतर माझी फी वाढेल" हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा. तोही तपासू. समजा केंद्राने तुमचा वाटा ६०० वरून ९०० केला आणि आठवड्याला १५ सेशन झाली. महिन्याला ५४,०००. आज शाळा आणि केंद्र मिळून ३८,०००. फरक १६,०००, म्हणजे साधारण अडीच वर्षांत पैसे वसूल. पत्रिका जुळली!

फक्त तुमची डायरी जुळत नाही. मे महिन्याच्या पानाचा फोटो तुम्ही पाठवलाय. (नावांवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्यात, ते फार बरं केलंत.) त्या पानावर २४ वेळा दिलेल्या दिसतात आणि त्यातल्या नऊंवर लाल फुली आहे. दोन फुल्यांशेजारी "गावाला", एकीशेजारी "मुलाची परीक्षा", एकीपुढे नुसतंच प्रश्नचिन्ह. म्हणजे मेमध्ये १५ सेशन झाली आणि मिळाले ९,०००, बारा नव्हे. मे महिन्यात अर्धं ठाणं कोकणात असतं हे मान्य. पण पुढे पावसात गाड्या बंद पडतात, मग गणपती, मग दिवाळी. मी मेचा हिशोब न लावता जरा उदारपणे आठवड्याच्या १५ पैकी ११ सेशन होतील असं धरलं. महिन्याला ३९,६००. आजच्यापेक्षा फरक १,६००. त्या गतीने ४,८७,७०० वसूल व्हायला ३०५ महिने, म्हणजे पंचवीस वर्षं. आठवड्याला चार खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर अडीच वर्षांची पंचवीस होतात. असं का? तर शाळेचा पगार फुल्या मारत नाही. आज तुमच्या कमाईचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग ठरलेला आहे, आणि तुम्ही नेमका तोच सोडायला निघाल्यात.

संस्थेच्या 'नो कॉस्ट ईएमआय'बद्दल विचारलंत. २,१२,४०० भागिले १२, हप्ता १७,७००. शाळा सोडल्यावर तुमची मिळकत १२,००० अधिक ७,२००, म्हणजे १९,२००. केंद्र त्यातून दहा टक्के टीडीएस कापतं, हातात १७,२८०. हप्ता भरायला दर महिन्याला ४२० रुपये कमी. आकडा मी मुद्दाम जुळवलेला नाही, देवाशपथ. घरी द्यायचे १२,०००, पास, मोबाईल हे सगळं अजून बाकीच आहे.

पर्सनल लोन घेऊ नका, त्यावर आणखी शब्द खर्च करत नाही. बाबांच्या पैशांविषयी मात्र बोलायला हवं. निवृत्तीनंतर ते दोन लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्के दराने ठेवले तर दर तिमाहीला ४,१०० रुपये येतात. ज्या घरात पगार थांबतो तिथे ४,१०० म्हणजे दोघांच्या औषधांचा बराचसा भाग. तुम्ही फेडाल, शंका नाही. पण त्यांची मिळकत बंद होणं आणि तुमची बेभरवशाची होणं हे एकाच वर्षात घडू देऊ नका.

आता नावातल्या 'क्लिनिकल' शब्दाचं. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणाला म्हणायचं याची व्याख्या आहे, आणि ती भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या मान्यतेशी बांधलेली आहे. खाजगी संस्थेच्या अकरा महिन्यांच्या प्रमाणपत्राने ती पाटी लावता येत नाही. तुम्हाला हे ठाऊक असणारच. पण पत्रात "नंतर हॉस्पिटलमध्येही काम करता येईल" असं वाक्य आहे, म्हणून लिहिलं. हॉस्पिटल बहुधा आरसीआयचा नोंदणी क्रमांक मागणार. तोच रस्ता हवा असेल तर पैसे त्या अभ्यासक्रमासाठी राखा. त्यातही सध्या बदल चालू आहेत: या नोंदणीसाठी लोक सहसा एम. फिल. करत; यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ च्या नियमांत एम. फिल. बंद केली, मग क्लिनिकल सायकॉलॉजीला २०२५-२६ च्या प्रवेशांपर्यंत मुभा दिली. त्यामुळे कुठेही अर्ज करण्याआधी त्या अभ्यासक्रमाचं नाव आरसीआयच्या चालू यादीत आहे का ते स्वतः बघा, समन्वयकाच्या फोनवर विसंबू नका. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला बँकेचं शैक्षणिक कर्ज मिळतं, साडेसात लाखांपर्यंत साधारणपणे तारणाशिवाय, आणि हप्ते शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. कर्जाच्या व्याजावरची करसवलत मात्र विसरा. ती जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि तुमच्या मिळकतीवर मुळात करच बसत नाही.

मग या वर्षी काय? शाळा चालू ठेवा. त्या मॅडमना महिन्यातून दोनदा ठरवून भेटा, अधूनमधून नव्हे. वर्षाचे २४ तास, ३६,०००. संस्था देते तेवढेच, आणि तुमच्या स्वतःच्या क्लायंटवर. गटातलं सुपरव्हिजन महिन्याला दोन तास, १२,०००. स्वतःच्या थेरपीचे ३०,०००. एखाद्या पद्धतीचं शनिवार-रविवारचं नीट प्रशिक्षण, त्याला २५,००० ची मर्यादा घाला. सगळे मिळून १,०३,०००. तुम्ही महिन्याला ९,००० शिल्लक टाकता, म्हणजे वर्षाला १,०८,०००. भागतंय, आणि २,१०,००० ला हात लागत नाही. रिक्षावाला पासिंगचा खर्च धंद्याचाच धरतो, हौसेचा नाही. सुपरव्हिजन तसं धरा. माणसं शोधायला फार लांबही जावं लागू नये. ठाण्यात मनोरुग्णालय १९०१ पासून आहे आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० साली इथेच सुरू केली, या कामात केस पिकलेली माणसं या गावात आहेत.

या मार्गात एक उणीव आहे, ती लपवत नाही. शाळेत आणि केंद्रात तुमच्याकडे येतात ती परीक्षेची भीती, घरातली भांडणं, नैराश्याची सुरुवात. तीव्र आजाराचा माणूस समोर बसलाय आणि शेजारी वरिष्ठ आहे, हा अनुभव तासाच्या भावाने विकत मिळत नाही. त्यासाठी कधीतरी पूर्णवेळ शिकावं लागेल, आणि तो मोठा खर्च मी आरसीआयच्या रस्त्यावर करीन. खाजगी प्रमाणपत्रांबद्दल माझा थोडा पूर्वग्रहही असेल. मीही एकदा बरेच पैसे भरून आठवड्याअखेरचा एक कोर्स केला होता. प्रमाणपत्र ऑफिसच्या भिंतीवर आहे. बारा वर्षांत एकाच माणसाने त्याबद्दल विचारलं, तो एसी दुरुस्त करायला आला होता.

तरी हाच अभ्यासक्रम मनात असेल तर संस्थेला मेल करून विचारा: शनिवार-रविवारची बॅच आहे का? वैयक्तिक सुपरव्हिजन कोण देणार, नावानिशी, आणि सेशनचं रेकॉर्डिंग ऐकून देणार की नुसत्या तुमच्या नोट्सवर? मध्येच सोडलं तर किती पैसे परत? शाळेकडेही वर्षभराच्या बिनपगारी रजेचं विचारून बघा, नाही म्हटलं तर बिघडत नाही. आठवडाअखेरची बॅच मिळाली तर बुडणारा पगार हिशोबातून जातो, प्रवासही घटतो, आणि सगळा खर्च अडीच-पावणेतीन लाखांच्या आत येतो. तेव्हा मी पुढच्या वर्षी हो म्हणेन, एका अटीवर: आधी सलग तीन महिने डायरीत आठवड्याला किमान दहा सेशन झालेली दिसली पाहिजेत. दिलेल्या वेळा नाही, झालेली सेशन. त्यासाठी आधी केंद्राशी बोलून, सेशनच्या आधीच्या चोवीस तासांत रद्द केलं तर अर्धी फी हा नियम लावून घ्या. मेच्या पानावर तो असता तर नऊपैकी काही फुल्यांचे पैसे मिळाले असते, काही पडल्याच नसत्या.

आणखी दोन किरकोळ गोष्टी. तुम्ही रिटर्न भरत नाही असं दिसतंय. केंद्राने गेल्या आर्थिक वर्षात सुमारे १४,४०० कापलेत. २६एएसमध्ये (कापलेल्या कराचं आयकर खात्याकडचं विवरण) बघा आणि यंदाचं रिटर्न मुदतीत भरून ते परत मागा. त्याआधीच्या वर्षाचं उशिरा रिटर्न भरायची मुदत ३१ डिसेंबरला संपली, आणि अपडेटेड रिटर्नमध्ये परतावा मागता येत नाही, त्यामुळे ते पैसे जवळपास गेले म्हणा. दुसरं, आरोग्य विमा फक्त शाळेचा आहे. स्वतःचा घ्या. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवर जीएसटी नाही, आणि तुमच्या वयाला हप्ता झेपेल. परताव्याचे १४,४०० आले की पहिला हप्ता त्यातूनच भरा.

जागा पक्की करायचे २५,००० परत मिळणार नाहीत असं पत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलंय. ते भरू नका. संस्थेला कळवा की पुढच्या बॅचचा विचार करतेय, आणि वरचे प्रश्न त्याच मेलमध्ये घाला.