टीव्हीवरील जाहिरातीत वाजणारे शास्त्रीय संगीत नेमके कोणते, हे कसे ओळखावे? ॲपला ते सापडत नाही.

ॲपला ते सापडणार नाही, कारण गाणे ओळखणारी बहुतेक ॲप्स सूर ओळखत नाहीत. ती एका ठरावीक ध्वनिमुद्रणाचा ठसा आपल्या साठ्याशी ताडून पाहतात. जाहिरातीसाठी रचना अनेकदा नव्याने वाजवलेली आणि कापलेली असते, वर निवेदनही असते. ब्रिटिश एअरवेजच्या जाहिरातींत फ्रेंच संगीतकार दलीबच्या १८८३ सालच्या ‘लाक्मे’ या ऑपेरातील युगुलगीत असेच नवे रूप देऊन वापरले होते. तेव्हा धून पेटीवर काढावी, षड्ज (सा) ठरवावा आणि सरगम लिहून ठेवावी. मी स्वतः याच मार्गाने गेले, म्हणून इतक्या ठामपणे सांगते.

टायटन घड्याळांची जाहिरात आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातील घरी लागली की सगळे गप्प होऊन ऐकत. माझे काका गडकरी रंगायतनमधील मैफली सहसा चुकवत नसत आणि संगीताच्या बाबतीत घरात त्यांचाच शब्द अखेरचा असे. त्यांनी एका संध्याकाळी जाहीर केले, की हा किरवाणी राग आहे आणि आपल्याच कोणा माणसाने तो बांधला आहे. मी तेव्हा पेटी शिकत होते. ही चाल पाश्चात्त्य वाटते, असे मी म्हणताच ते म्हणाले, “पेटीवाल्यांना राग कुठून कळणार?” तो शब्द मला फार लागला.

तलावपाळीजवळ पियानो शिकवणाऱ्या एक बाई राहत असत. त्यांना मी धून वाजवून दाखवली. “मोत्सार्टची जी मायनर सिंफनी,” असे त्यांनी लगेच सांगितले; जी मायनर ही पाश्चात्त्य संगीतातील एक स्वरपट्टी. मी लोकल पकडून काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये गेले आणि त्याच नावाने कॅसेट मागितली. मिळाली ती ४० वी सिंफनी, १७८८ सालची. घरी सर्वांसमोर लावली, तर चाल निराळीच. काकांनी काहीही न बोलता फक्त मान हलवली. मोत्सार्टने जी मायनरमध्ये दोन सिंफनी लिहिल्या आहेत, हे मला नंतर कळले. दुसरी म्हणजे २५ वी, १७७३ मध्ये, वयाच्या १७ व्या वर्षी लिहिलेली. तिच्या पहिल्याच भागात जाहिरातीची धून सापडली, तेव्हा मी ती कॅसेट तीनदा मागे फिरवून ऐकली. काकांनीही ऐकली आणि म्हणाले, “किरवाणीच आहे हा.”

माझे म्हणणे आजही तेच आहे, की स्वर जुळले म्हणून राग होत नाही. कोमल गंधार, कोमल धैवत आणि शुद्ध निषाद ही चौकट किरवाणीत आणि सिंफनीत सारखी असली, तरी त्या सिंफनीच्या आरंभीच कोमल धैवतावरून एकदम खालच्या निषादावर जी झेप आहे, ती किरवाणीच्या चलनातून, म्हणजे त्या रागाच्या स्वरांच्या ठरलेल्या चालीतून, आलेली नाही. दहा सेकंद ऐकून रागाचे नाव ठोकून देणाऱ्या माणसावर, तो कितीही मोठा असला तरी, विश्वास ठेवू नका. त्याला आरोह-अवरोह न विचारता त्या रागाची चार स्वरवाक्ये गाऊन दाखवायला सांगा.

काकांच्या कानाने स्वर मात्र अचूक टिपले होते, हे मी मान्य केले पाहिजे. शिवाय जाहिरातीची धून मुळात एखाद्या रागावरच बांधलेली असेल, तर माझी पाश्चात्त्य शोधाची वाट तुमच्या उपयोगाची नाही. तेथे जाणकार गुरूच हवा. पाश्चात्त्य रचनेसाठी बार्लो आणि मॉर्गनस्टर्न यांचा १९४८ सालचा विषयधूनींचा, म्हणजे रचनांतील मुख्य धूनींचा, कोश पाहा. त्याच्या सूचीत प्रत्येक धून ‘सी’ या एकाच षड्जावर आणून अक्षरांत लिहिलेली आहे, म्हणजे आपल्या सरगमसारखीच. तुमची जाहिरात कोणती, हे तुम्ही लिहिलेले नाही. पहिले सहा-सात स्वर लिहून पाठवलेत, तर मी पेटीवर वाजवून पाहीन.