शाळेला एकशे एक डॉलर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जूनमध्ये पुण्याहून अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला बदली होते आहे, मुलगी दुसरीत जाईल, एका खाजगी शाळेत प्रवेश मिळालाय. फी वर्षाला ४२ हजार डॉलर, आणि सोबतच्या कागदांत ‘ॲन्युअल फंड’ला (शाळा दरवर्षी गोळा करते त्या निधीला) देणगी देण्याचं आवाहन. तुमचे मिस्टर म्हणतात, हे आपलं डोनेशनच, फक्त गोड भाषेत. नाही दिलं तर पोरीला त्रास होईल. तुम्ही म्हणता, एवढी फी भरल्यावर पुन्हा कशाला? आम्हाला इथे ११ वर्षं झाली, दोन्ही मुलं अशाच शाळेत आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे ‘डोनेशन’ हा शब्दच नासलेला आहे. विनाअनुदानित कॉलेजं निघाली, कॅपिटेशन फी सुरू झाली, १९८७ मध्ये महाराष्ट्राने तिच्यावर बंदी घालणारा कायदा केला, तरी शब्दाचा वास काही गेला नाही. डोनेशन म्हणजे प्रवेशाच्या आधी, रोखीत आणि बिनपावतीचं. इथे मागतात ते प्रवेश झाल्यावर, पावती देऊन, आणि दिलं नाही तरी मुलीचं नाव पटावर राहतं. मला विचाराल तर हा प्रकार गणपतीच्या वर्गणीच्या जवळचा आहे. मंडळाची पोरं दारात येतात, एकवीस दिले तरी पावती फाडतात, मंडपाबाहेरच्या फळ्यावर नाव लागतं. ज्याचं लागत नाही, तेही सगळ्या आळीला दिसतंच.

मग फी एवढी असून वर्गणी कशाला? शाळांचं उत्तर ठरलेलं असतं: एका मुलामागे होणारा खर्च फीपेक्षा जास्त आहे, वरची तूट देणग्या आणि ठेवींच्या उत्पन्नातून भरतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते हॉटेलवाल्याने बिल हातात दिल्यावर “खरा खर्च याहून जास्त आला हो” म्हणण्यासारखं वाटलं होतं. पण त्यात तथ्य आहे. फी सरसकट वाढवली तर काठावरची कुटुंबं गळतात. देणगी ठेवली तर ज्याला झेपतं तो जास्त देतो. शिवाय फीवर करसवलत नाही, देणगीवर मिळू शकते. शिक्षकांच्या पगाराला आणि सवलतीच्या फीला या फंडातून हातभार लागतो, आणि फीत सवलत घेणाऱ्या कुटुंबांनाही शाळा विचारते, की जमेल ते द्या.

आता जी गोष्ट कागदावर नीट सांगत नाहीत ती. शाळेला तुमच्या रकमेइतकंच, देणाऱ्यांच्या मोजणीत तुमचं नावही हवं असतं. किती टक्के पालकांनी दिलं, हे मोठे देणगीदार आणि फाउंडेशनवाले विचारतात. घरचेच देत नसतील तर बाहेरच्यांनी का द्यावं, हा साधा हिशेब. म्हणून ऑक्टोबर उजाडला की वर्गाची पालक-प्रतिनिधी फोन करते: “आपली दुसरी ८१ टक्क्यांवर आहे, तिसरी पुढे गेली!” गळ्यात गळा घालून मागतात, पण मागतात.

आम्ही पहिल्या वर्षी १०१ डॉलर दिले. दोन दिवसांनी ऑफिसातल्या बाईंचा फोन: वरचा एक डॉलर चुकून पडला का, परत करू का? मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे शुभकार्याला शून्यावर थांबत नाहीत, वर एक ठेवतात, म्हणजे पुढे चालू राहतं. बाई हसल्या. पुढच्या वर्षी आभाराच्या छापील पत्राखाली निळ्या शाईत लिहिलेलं होतं, “शंभरावरचा एक पोचला.” शाळेच्या वार्षिक अहवालात देणगीदारांची नावं छापतात, त्यात आमचं नाव सगळ्यात खालच्या रकमेच्या यादीत होतं, शंभर-सव्वाशे नावांमध्ये. त्यावरून आजवर कोणी भुवई उंचावलेली नाही.

पोरीला त्रास होईल का? रकमा देणगी विभागाकडे असतात, वर्गशिक्षिकेला त्याचं काही पडलेलं नसतं. तिला पोरीचं वाचन आणि तुमचं वेळेवर येणं याच्याशी मतलब. मोठ्या देणगीदारांचं वजन पडतं का? पडतं, खोटं कशाला बोलू. इमारतीला नाव देणारा माणूस विश्वस्त मंडळावर बसला की त्याचं ऐकतात. पण ती सहा-सात आकडी दुनिया आहे. तुमच्या-आमच्या हजार-दोन हजारांनी तिथे पान हलत नाही. तेव्हा काही ‘मिळेल’ म्हणून देऊ नका. २०१९ मध्ये इथे कॉलेज-प्रवेशाचं मोठं प्रकरण बाहेर आलं, त्यात श्रीमंत आईबापांनी लाच एका धर्मादाय संस्थेच्या नावाखाली दिली होती, काहींनी वर करसवलतही घेतली. काही जण तुरुंगात जाऊन आले.

आमची स्वतःची चूक वेगळीच. तिसऱ्या वर्षी विज्ञानाच्या नव्या इमारतीसाठी वेगळी मोहीम निघाली (ती ॲन्युअल फंडापेक्षा निराळी, हे लक्षात ठेवा). चहापानाला बोलावलं, नकाशे दाखवले, आणि आम्ही भारावून तीन वर्षांचं ‘प्लेज’, म्हणजे देणगीचं लेखी वचन, लिहून दिलं, वर्षाला हजार. २०२३ च्या जानेवारीत ह्यांची नोकरी गेली. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर नोकरी गेली की हातात जास्तीत जास्त ६० दिवस. त्यात दुसरी नोकरी मिळवा, स्टेटस बदला, नाहीतर बॅगा भरा. त्या धांदलीत शाळेची मेल: तुमचा दुसरा हप्ता येणे आहे. संगणकाने धाडलेली, पण मला इतकी लाज वाटली की दोन आठवडे उत्तरच दिलं नाही. शेवटी लिहिलं. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, प्लेज रद्द केलं आहे, काळजी करू नका. शाळा चांगली वागली, मूर्ख आम्ही. व्हिसावर असेपर्यंत वर्षाचं त्या वर्षीच द्या, पुढच्या वर्षांचा शब्द देऊ नका.

कराचं. २०२५ मध्ये लहान देणगीवर बहुतेकांना काहीच सुटत नव्हतं, कारण जोडप्याची स्टँडर्ड डिडक्शनच (खर्चाचा तपशील न देता मिळणारी ठरावीक वजावट) तीस हजारांवर. २०२६ पासून ती घेऊनही जोडप्याला २ हजार डॉलरपर्यंतची रोख देणगी वजा करता येते. एका वेळी २५० किंवा जास्त दिलेत तर संस्थेची लेखी पोच लागतेच. पण याहून मोठी गोष्ट म्हणजे कंपनीचं ‘मॅचिंग’. इथल्या पुष्कळ कंपन्या तुम्ही दिलेल्या रकमेइतकीच स्वतः घालतात. ह्यांच्या कंपनीने आमच्या १०१ वर १०१ घातले, पोर्टलवर पाच मिनिटांचं काम. रुजू होताना एचआरला विचारा, शाळांना चालतं का तेही विचारा.

वसंतात लिलावाची रात्र असते. मुलांनी रंगवलेली गोधडी हजारोंना जाते, गेटजवळच्या पार्किंगच्या जागेसाठी वर्षभराच्या हक्काची बोली लागते. एकदा जा, मजा येते, पण हातातली बोलीची पाटी वर करू नका. तिकिटातली जेवणाची किंमत करातून सुटत नाही, तेवढं ध्यानात असू द्या.

आणि सरकारी शाळेत गेलात म्हणून सुटाल असं नाही. तिथे फी घेता येत नाही, पण कॅलिफोर्नियातल्या बऱ्याच गावांत पालकांचं फाउंडेशन मुलामागे अमुक डॉलर ‘सुचवतं’. चित्रकला, संगीत, ग्रंथपाल यांचे पगार कधी कधी त्यातूनच निघतात. तिथेही मी दिले असते.

तर माझं मत: द्या, पहिल्याच वर्षी द्या, लहान द्या, आणि ऑक्टोबरातच देऊन मोकळ्या व्हा म्हणजे फोन थांबतात. फी, बस, उन्हाळी शिबिर हे सगळं मांडून उरेल त्यातून. हात आखडता असेल तर २१ द्या. टक्केवारीत २१ आणि २१ हजार सारखेच.

कॉन्ट्रॅक्टवर सही करायच्या आधी मात्र प्रवेश विभागाला मेल टाका, फोन नको, लेखी हवं. शाळा नॉन-प्रॉफिट, म्हणजे करकायद्यातल्या ५०१(सी)(३) कलमाखालची धर्मादाय संस्था आहे का? मागच्या वर्षी किती टक्के पालकांनी दिलं? देणगीखेरीज कुठलं सक्तीचं शुल्क किंवा स्वयंसेवेचे तास आहेत का? काही चर्चच्या शाळांत तास भरले नाहीत तर पैसे लावतात. पहिल्याचं उत्तर आयआरएसच्या (इथल्या करखात्याच्या) संकेतस्थळावर स्वतःही तपासून घ्या. या भागात खाजगी मालकीच्या, नफ्यावर चालणाऱ्या शाळाही आहेत, आणि एखादी मागायला लाजतही नसेल. तशी निघाली तर एकशे एकातला एकसुद्धा देऊ नका.