रंगवलेल्या मॉडेल विमानावर शाईने पॅनेलच्या (पत्र्यांच्या जोडांच्या) रेषा मारताना रेषा का तुटते, का पसरते?

तुमच्या दोन तक्रारी आहेत: चकचकीत रंगावर शाई आकसून तिचे थेंब होतात, आणि वरून क्लिअर (पारदर्शक वार्निश) मारला की रेषा फिसकटते. दोन्हींत हाताचा दोष नाही.

चकचकीत रंगाला बोटांचा तेलकटपणा लागला की पाण्यातली शाई तिथे धरत नाही. रंगाचा वास पुरता जाईपर्यंत थांबा. मग 2000 नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून चमक मरेल इतकंच घासा. पंखाच्या कडांना रंग पातळ असतो, तिथे जपून. नाहीतर खालचं बाल्सा लाकूड डोकावेल. धुवून, वाळवून टाल्कम पावडर चोळा आणि पूर्ण झटका, कारण उरलेली पावडर पेनात चोंदते.

टेक्निकल पेन (नळीच्या टोकाचा ड्रॉइंग पेन) 0.25 मिमीचा घेण्यापेक्षा 0.35 चा बरा. बारीक नळी रंगात रुतते. माझं मत विचाराल तर जुनं रुलिंग पेन (दोन पात्यांमध्ये शाई धरणारं, रेघा मारायचं पेन) सगळ्यात भारी. ड्रॉपरने दोन पात्यांमध्ये 5-6 मिमीच शाई भरा. जास्त भरली तर टेकताक्षणी भसकन उतरते. पात्याच्या बाहेरची शाई पुसा आणि पट्टीखाली, कडेपासून 3 मिमी आत, मास्किंग टेपचे दोन-तीन थर लावा. पट्टी रंगाला टेकली की शाई तिच्याखाली ओढली जाते. गोल फ्यूजलाजला (विमानाच्या धडाला) स्टीलची पट्टी वळत नाही. जुन्या एक्स-रे फिल्मची सरळ पट्टी कापून गुंडाळा. शेपटीकडे निमुळत्या भागात मात्र ती तिरकी सरकते, तिथे आधी पेन्सिलीच्या खुणा हव्यात. चूक झाली तर शाई ओली असतानाच ओल्या इअरबडने टिपा. आणि शाई गडद करडी घ्या, काळ्याने विमान खेळण्यासारखं दिसतं.

पर्मनंट मार्कर वापरलाय का? त्यातला रंग क्लिअरच्या थिनरमध्ये विरघळतो, म्हणून पसरतो. पिगमेंटची (न विरघळणाऱ्या रंगकणांची) शाई टिकते, तरी क्लिअरचे पहिले दोन हात (थर) 30 सेमीवरून नुसत्या धुक्यासारखे मारा, मध्ये 10-15 मिनिटं जाऊ द्या, मगच ओला हात. आधी भंगार तुकड्यावर बघा. ब्रशने क्लिअर नकोच.

ग्लो इंजिन (मिथेनॉलच्या इंधनावर चालणारं मॉडेलचं छोटं इंजिन) असेल तर क्लिअर टाळता येत नाही: इंधनातलं मिथेनॉल लाखेची ड्रॉइंग इंक धुऊन काढतं. त्यासाठी 2के (हार्डनर मिसळून वापरायचा) क्लिअर लागतो. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट (फुफ्फुसांना घातक रसायन) असतं, कापडी मास्क चालणार नाही. योग्य रेस्पिरेटर लावा आणि उघड्यावर मारा.