‘वुई कॅन बी हीरोज’ बघायच्या आधी ‘शार्कबॉय आणि लाव्हागर्ल’ बघायलाच हवा का? आणि ‘वुई कॅन बी हीरोज’मध्ये शार्कबॉय एवढा गप्प का आहे? (मुलगा ७ वर्षांचा)

नाही, काही गरज नाही. पहिला, म्हणजे ‘शार्कबॉय आणि लाव्हागर्ल’, २००५ चा, दुसरा, म्हणजे ‘वुई कॅन बी हीरोज’, २५ डिसेंबर २०२० ला नेटफ्लिक्सवर आला, मध्ये पंधरा वर्षं गेली आणि गोष्ट जवळपास नवीच आहे: एलियन सुपरहीरोंना पकडतात आणि त्यांची पोरं त्यांना सोडवायला निघतात. पहिल्यातला मॅक्स, ज्याच्या स्वप्नातून ही दोघं आलेली असतात, तो यात नाहीच. शार्कबॉय आणि लाव्हागर्लला आता गपी नावाची मुलगी आहे एवढं कळलं की झालं, आणि ते सिनेमा स्वतःच सांगतो. मुलाला सरळ दुसरा लावून द्या. आवडला तर पहिला मागेल तो नंतर, फक्त तो लाल-निळ्या चष्म्याच्या थ्रीडीसाठी काढलेला होता, त्यामुळे घरी टीव्हीवर अधूनमधून वस्तू उगाच तोंडावर आल्यासारख्या वाटतात.

शार्कबॉयचं म्हणाल तर टेलर लॉटनर परत आला नाही, लाव्हागर्लची टेलर डूली आली. शार्कबॉयच्या कपड्यात जे.जे. डॅशनॉ नावाचा स्टंटमन आहे, चेहरा झाकलेला, म्हणून संवाद जवळपास नाहीत. एवढंच कारण.

पण तुम्ही प्रश्नाच्या खाली जे लिहिलंय ना, की एवढा मोठा सुपरहीरो आणि तोंडातून शब्द नाही हे मुलाला विचित्र वाटेल का, त्यावर मला बोलायचंय. मुलाला नाही वाटणार हो. मोठ्यांना वाटतं. आमच्या घरी या सिनेमावरून मी आणि माझा सख्खा भाऊ बरेच दिवस फोनवर फक्त कामापुरतं बोलत होतो, म्हणून लिहितेय.

जानेवारी २०२१. शाळा बंद, ऑनलाइन क्लासने पोरं पिसाळलेली, मी मुलीला घेऊन माहेरी मिरजेला गेले होते. दादाची दोन आणि माझी एक. सिनेमा मुलांनीच शोधला, प्रियांका चोप्रा आहे म्हणून वहिनीही बसली, आणि दादा बसला कारण टीव्ही चालू असताना दादा दुसरीकडे बसूच शकत नाही, रिमोट तर त्याच्या हाताला चिकटलेलाच असतो. त्यात माणूस इंजिनिअर. सुपरहीरो झालेला पेड्रो पास्कल तलवारी काढतो तिथे पॉज, तलवारीने यानाशी लढतात का कोणी. मुलं तळघरातल्या व्हॉल्टमधून पळतात तिथे पॉज, एवढ्या मोठ्या संस्थेची सिक्युरिटी बघा म्हणे. एलियनच्या जांभळ्या सोंडा आल्या तिथे पॉज करून ग्राफिक्स कसं हलक्यातलं आहे यावर पाच मिनिटं, आपल्याकडच्या पौराणिक सिरियलीत बरं असतं वगैरे. त्याचा धाकटा शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाला, बाबा प्ले करा ना. प्रियांका आली की मात्र पॉज नाही, हे वहिनीने नोंदवून ठेवलंय.

माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची. ती पाहुण्यांसमोर बोलत नाही. घरी माझं डोकं उठवते, शाळेतल्या प्रत्येक मुलाची कुंडली सांगते, पण चार माणसं जमली की तोंडाला कुलूप. वहीच्या मागच्या पानांवर चित्रं काढत बसते. दादाला हे बघवत नाही. ती तीन वर्षांची होती तेव्हापासून तेच, बोलकी कर तिला, नाव सांग बाळा, कविता म्हणून दाखव, अशाने पुढे जगात कसं व्हायचं. यामागे त्याची स्वतःची शोकेस आहे हे आमच्या घरात सगळ्यांना माहितीये. वक्तृत्व स्पर्धांचे कप, टिळक पुण्यतिथीची भाषणं, बाबांचे मित्र आले की दादाने पाच मिनिटं उभं राहून बोलायचं आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे बघायचं. मी आतल्या खोलीत. असो.

तर या सिनेमात ओहो नावाची छोटी मुलगी आहे. ती बोलत नाही, टॅबवर चित्रं काढते. आधी कुणाला काही कळत नाही, मग मिसी मोरेनोच्या, म्हणजे जिच्याकडे कुठलीही शक्ती नाही त्या मुलीच्या लक्षात येतं की ही जे काढते ते पुढे घडतंय. आणि मग ही पोरं काय करतात तर तिला बोलायला लावत बसत नाहीत. तिच्या हातातलं चित्र बघतात आणि त्याप्रमाणे पळतात. बास. माझी मुलगी सरकत सरकत टीव्हीच्या इतकी जवळ गेली की मी दोनदा मागे ओढली. या सिनेमात गाण्याने वस्तू उचलणारी मुलगी आहे, रबरासारखा ताणला जाणारा मुलगा आहे, काळ पुढे-मागे नेणारी जुळी आहेत, कायम स्लो मोशनमध्येच असणारा एक बिचारा आहे, ज्याच्याकडे सगळ्याच शक्ती आहेत पण कुठली कधी बाहेर पडेल याचा पत्ता नाही असा एक आहे, पण तिच्यासाठी ओहो सोडून कोणी नव्हतंच.

आता शेवट सांगणार आहे, ज्यांना नको त्यांनी इथे थांबा.

शेवटी कळतं की सगळा हल्लाच खोटा. पोरांचे आईबाप एकत्र लढायच्या ऐवजी आपापला तोरा मिरवण्यात अडकलेत, म्हणून पुढच्या पिढीला तयार करायची ही एक मोठी परीक्षा होती, राष्ट्राध्यक्ष पण एलियन, प्रियांकाची मिस ग्रॅनाडा पण एलियन. आणि त्या सगळ्यांची मुख्य कोण तर ओहो. आणि ती तोंड उघडून घडाघडा बोलते.

मला वाटलं माझी मुलगी उड्या मारेल. तिची हिरॉइन सगळ्यांची बॉस निघाली ना. तर ती वळून माझ्याकडे बघून चिडून म्हणाली, बोलली कशाला ही?

आणि दादाने, विचारलंय कोणी, पॉज दाबून सांगितलं, बघ, शेवटी बोलावंच लागलं ना. बोलल्याशिवाय लीडर होता येत नाही बाळा.

त्यानंतर जे झालं ते इथे सगळं लिहीत नाही. वहिनी कुकर लावायच्या निमित्ताने आत गेली, पोरं गच्चीत पळाली आणि आम्ही चाळिशी ओलांडलेली भावंडं शाळेतल्या कपांपासून सुरू झालो. त्याचं म्हणणं होतं मी मुलीच्या लाजाळूपणाला लाडावतेय आणि असले बालिश सिनेमे दाखवून तिला सांगतेय की असंच चालतं. मी म्हटलं शार्कबॉय अख्ख्या सिनेमात गप्प उभा आहे त्याला तू एकदाही पॉज केलं नाहीस, तो पुरुष आहे आणि अंगाने दांडगा आहे म्हणून का? याचं उत्तर त्याच्याकडे तेव्हाही नव्हतं, आजही नाही. तो म्हणाला ते वेगळं, त्याचा अ‍ॅक्टरच बदललाय. बघा म्हणजे. मोठा माणूस गप्प असला की त्यामागे कारण असतं, पोरगी गप्प असली की दोष.

माझं मत आता ऐका, दोन्ही बाजूंनी शिव्या खाल्ल्या तरी चालतील. सिनेमा चांगला आहे आणि बरोब्बर शेवटी माती खातो. दोन्ही सिनेमांचा दिग्दर्शक रॉबर्ट रॉड्रिगेझ, त्याच्याबद्दल मला आदर आहे. या माणसाने ७,००० डॉलरमध्ये आपला पहिला सिनेमा काढला, औषध कंपन्यांच्या चाचण्यांसाठी स्वतःचं शरीर देऊन त्यातले पैसे जमवले होते. मग पोरं झाली तर पोरांसाठी सिनेमे काढायला लागला. २००५ च्या सिनेमाची गोष्ट त्याच्या रेसर नावाच्या लहान मुलाची आहे, श्रेयनामावलीत रीतसर त्याचं नाव आहे. आपल्याकडे पोरगं जेवताना शार्कने वाढवलेल्या मुलाची गोष्ट सांगायला लागलं तर आपण म्हणतो आधी भाजी संपव. २०२० च्या सिनेमात रेसर निर्मितीत आहे आणि आणखी एक मुलगा रेबेल, त्याचं संगीत आहे. दादाला जे हलकं ग्राफिक्स दिसलं ते मला पोराच्या चित्रवहीतून उचलल्यासारखं दिसलं, रंग भडक, यानाला सोंडा, आजी सगळ्यांना लढायला शिकवते, लॉजिक नंतर बघू. मुलांचं डोकं असंच चालतं आणि या माणसाने ते दुरुस्त केलं नाही.

आणि मग ज्या माणसाने मुलांचं एवढं ऐकलं त्यानेच ओहोला शेवटी बोलायला लावलं. तिचं मुख्य असणं चित्रातून दाखवता आलं असतं की. सगळे एलियन तिच्या एका चित्रासमोर वाकले असते तरी कळलं असतं. ज्या पोरी तासभर तिच्यात स्वतःला बघत होत्या त्यांना तिथे कळलं की ही आपल्यातली नव्हतीच, नाटक करत होती. हे मला माझ्या मुलीने सांगितलं, तिच्या भाषेत, रात्री अंथरुणात. मी एकटीने बघितला असता तर माझ्या हे लक्षात पण आलं नसतं.

बदला तिने घेतलाच. दुसऱ्या दिवसापासून ती ओहो झाली. मामाला चहा हवाय का, हे विचारायला कप आणि त्याच्यावर प्रश्नचिन्ह. मामा म्हणाला, तोंडाने विचार. तिने दुसरं चित्र काढलं, कपावर फुली, आणि निघून गेली. दादाला त्या सकाळी चहा मिळाला नाही. त्याचा धाकटा तिचा मिसी झाला होता, तो सगळी चित्रं वाचून आजीला सांगायचा आणि बरोबर सांगायचा. आजी, म्हणजे माझी आई, जिने आयुष्यभर दादाची भाषणं पाहुण्यांना ऐकवली, ती या दोघांच्या खेळात पहिल्या दिवशीच सामील.

तर तुम्हाला सल्ला असा की मुलाबरोबर बसा पण गप्प बसा. विचारलं तरच बोला. लॉजिक शोधायचं असेल तर मोठ्यांचे सिनेमे पडलेत, ज्यात एक माणूस चाळीस जणांना लोळवतो आणि शर्टाची इस्त्री मोडत नाही, तिथे दादा कधी पॉज करत नाही. असलं कोण बघतं म्हणणाऱ्यांसाठी, पहिल्या चार आठवड्यांत ४.४ कोटी घरांत बघितला गेला असा आकडा नेटफ्लिक्सनेच दिला होता आणि पुढचा भाग करतोय असंही जाहीर केलं होतं.

हां, दोन-तीन गोष्टी राहिल्या. मूल घरीसुद्धा बोलत नसेल, हाक मारल्यावर बघत नसेल, वयाच्या मानाने शब्दच कमी असतील तर कान आधी तपासून घ्या, डॉक्टरांना आणि स्पीच थेरपिस्टला दाखवा, लाजाळू आहे म्हणून सोडून देऊ नका. मी वर जे भांडतेय ते त्या मुलांबद्दल नाही. दुसरं, सिनेमात मिसीची आई आधीच गेलेली आहे आणि सुरुवातीलाच सगळ्यांचे आईबाप पकडले जातात, तुमच्या घरात नुकतं काही घडलं असेल तर आधी तुम्ही एकटे बघा. रक्तबिक्त काही नाही. आणि ग्राफिक्सबद्दल दादा अगदीच चूक नाहीये, काही ठिकाणी खरंच स्वस्त दिसतं. यानात शिरल्यावरचा भाग लांबलाय, तिथे तुमचा मुलगा उठून खेळायला गेला तर जाऊ द्या, सिनेमा थांबवून ठेवायची गरज नाही, परत येईल तेव्हा त्याला सगळं कळेल.