1850 च्या मागे जाताना

अमेरिकेतले पूर्वज शोधत 1850 च्या तिथल्या जनगणनेपर्यंत पोहोचलात, छान. इथून पुढे वाट अवघड होते. त्या वर्षी पहिल्यांदा घरातल्या प्रत्येक स्वतंत्र (म्हणजे गुलाम नसलेल्या) माणसाचं नाव लिहिलं गेलं. 1790 ते 1840 च्या याद्यांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांचे नुसते आकडे. शिवाय नातं लिहायला 1880 उजाडलं. त्यामुळे 1850 मध्ये एका छपराखाली दिसणारी सगळी मुलं त्याच जोडप्याची, असं धरून चालू नका.

आता मृत्युपत्रं आणि खरेदीखतं काढा. काउंट्यांच्या (तिथल्या जिल्ह्यांच्या) हद्दी बदलत गेल्या, तेव्हा जुने कागद मूळ काउंटीच्या दप्तरात शोधा.

पूर्वज अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढला असेल तर पेन्शनची फाइल सगळ्यात आधी बघा. विधवेला लग्न सिद्ध करावं लागे. दाखला नसला की काही बायकांनी घरच्या बायबलमधलं जन्म-लग्नाच्या नोंदींचं पानच फाडून अर्जाला जोडलं. अशी पानं राष्ट्रीय अभिलेखागाराच्या फायलींत आजही आहेत. याहून जिवंत कागद मला तरी माहीत नाही.

तारखा मात्र जशा दिसतील तशाच उतरवा. 1752 पूर्वी इंग्रजी वसाहतींत वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं; म्हणून जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म जुन्या पद्धतीने 11 फेब्रुवारी 1731/32 असा लिहितात, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने 1731, आजच्या हिशेबाने 1732. आणि नावापुढे ‘ज्युनियर’ दिसलं म्हणून लगेच मुलगा मानू नका. गावात त्याच नावाचा वयाने मोठा माणूस असला, तरी धाकट्याला तसंच लिहीत. तो पुतण्या असेल, किंवा नात्यातलाही नसेल.