रिपोर्टमधला ठळक आकडा

"मॅडम, तपासणीची तारीख जवळ आली की घास उतरत नाही." बेकविथ-वीडेमन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या आया समुपदेशनात हे सांगतात तेव्हा पुढचं वाक्यही मला ठाऊक असतं: "रिपोर्ट चांगला आला तरी चार दिवसच बरं वाटतं."

बहुतेकदा ११व्या गुणसूत्रावरच्या बदलामुळे ही मुलं वयापेक्षा थोराड वाढतात. जीभ मोठी असते, कधी एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड. पहिल्या काही वर्षांत मूत्रपिंडात किंवा यकृतात कर्करोगाची गाठ होण्याचा धोका इतर मुलांपेक्षा जास्त, म्हणून साधारण दर ३ महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी आणि यकृतासाठी एएफपीची (यकृतात गाठ असेल तर रक्तात वाढणारं प्रथिन) रक्ततपासणी. गाठ लवकर सापडली तर उपचारांना चांगलं यश येतं. बहुतेक मुलांना ती होतच नाही.

स्नेहलचं (नाव बदललंय) बाळ ६ महिन्यांचं. रोज रात्री तेल लावताना ती उजव्या बरगडीखाली चाचपायची, बाळ रडलं तरी.

"एएफपी ९० आलंय, मॅडम. शेजारी १०च्या आत लिहिलंय!"

"आधी किती होतं?"

"३ महिन्यांचा असताना ८५०. डॉक्टर म्हणाले, छान उतरतंय. पण ठळक छापलंय ना!"

शेजारची मर्यादा मोठ्या माणसांची. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं एएफपी हजारांत असतं, या मुलांचं आणखी जास्त, आणि उतरतंही सावकाश. चढू लागलं तर डॉक्टर सावध होतात. हे सगळं तिला पाठ होतं, तरी झोप नव्हती. नुसत्या माहितीने भीती जात नाही, हे माझं जुनं मत. आकडा बघून माणूस स्वतःशी काय बोलतो, ते आधी शोधावं लागतं.

"तो आकडा दिसला तेव्हा मनात पहिलं काय आलं?"

ती बराच वेळ फाइलची दोरी सोडत-बांधत राहिली. "माझ्यामुळे झालं. सातव्या महिन्यात ग्रहणात भाजी चिरली होती मी. सासूबाई अजून म्हणतात."

दर ३ महिन्यांनी ही बाई बाळाचा रिपोर्ट आणायला जात नव्हती, स्वतःचा निकाल ऐकायला जात होती. अशा वेळी घाईने "तुमचा दोष नाही" म्हणून चालत नाही. ते तिला सगळ्यांनीच सांगितलेलं असतं. मी एवढंच विचारलं, "बाळातला हा बदल गर्भ अगदी सुरुवातीच्या दिवसांत असताना झालेला. तुमची भाजी कितव्या महिन्यातली?"

तिने बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. "म्हणजे... तेव्हा होऊन गेलं होतं?" आणि रडता रडता हसली. असे क्षण ओढून आणता येत नाहीत, पण वाट करून देता येते, आणि ते मला बऱ्यापैकी जमतं.

पुढच्या वेळी सासूबाईंनाही बोलावलं. त्यांनीही बोटं मोजली.

आयांनो, रात्री पोट दाबून पाहू नका; तारीख मात्र एकही चुकवू नका. एएफपी शक्यतो एकाच लॅबमध्ये करा, जुने आकडे एका कागदावर ओळीने लिहा आणि रिपोर्ट मोबाइलवर एकटीने न उघडता डॉक्टरांसमोर वाचा. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर आधी जनुकतज्ज्ञांना भेटा. बहुतेक घरांत हा आजार पुन्हा येत नाही, पण काही प्रकार आईकडून येऊ शकतात, आणि आपला कोणता ते तपासणीनेच कळतं.