आजोबांची जुनी थ्री-नॉट-थ्री आहे, ठाणे शहरात कोणाकडून तिची शिकारीची रायफल करून घेता येईल का?

नाही, आणि तसं कोणी "करून देतो" म्हणालं तर आधी तिथून निघा.

परदेशात हा जुना छंद आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी ली-एनफिल्ड, म्हणजे याच थ्री-नॉट-थ्री (.३०३) रायफली, स्वस्तात मिळायच्या. पुढचं लांबलचक लाकूड कापायचं, नळी आखूड करायची, वर दुर्बीण बसवायला भोकं पाडायची, झाली शिकारीची रायफल. आता तेच लोक हळहळतात, कारण मूळ रूपातल्या बंदुकीला संग्राहक जास्त पैसे मोजतात.

आपल्याकडे .३०३ हा प्रतिबंधित बोअर, म्हणजे सर्वसामान्यांना मनाई असलेलं नळीचं माप. साध्या परवान्यावर ती मिळत नाही, म्हणून तर आपल्या आयुध कारखान्याची .३१५ ची स्पोर्टिंग रायफल लोकांकडे दिसते. शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे बंदुकीत असा बदल करायलाही वेगळा परवाना लागतो. ओळखीच्या लेथवाल्याकडून नळी कापून आणणं म्हणजे दोघांवरही गुन्हा. आणि शिकार कुठे करणार? १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती बंदच आहे. ठाण्याजवळच्या येऊरला तर राष्ट्रीय उद्यानच आहे.

खरी अडचण वेगळी आहे. आजोबांचा परवाना तुमच्या नावावर आपोआप येत नाही. कागद सापडत असतील तर ते घ्या, वकिलाला दाखवा आणि जवळच्या पोलीस ठाण्याला कळवून रायफल तिथे जमा करा, पावती घ्या. वारस म्हणून अर्ज पोलीस आयुक्तालयात करता येतो, पण .३०३ साठी फार आशा ठेवू नका. आणि हो, रायफल रिक्षात टाकून स्वतःच नेऊ नका, आधी फोन करा.